एक सांधा पुरतो: इंग्रजी वाक्यं कंजंक्शननं जोडण्याची रीत

“ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम टू वर्क.” या वाक्यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे. काळ योग्य आहे, शब्दांचा क्रमही जागच्या जागी आहे. तरीही वाक्य चुकलेलं आहे. बोलणाऱ्याच्या मनात आधी मराठी वाक्य तयार झालं होतं: ‘जरी तो आजारी होता, तरी तो कामावर आला.’ मराठीत ‘जरी’ आलं की ‘तरी’ येणारच. ती गाठ दोन्ही टोकांना मारलेली असते. इंग्रजीत ती एकाच टोकाला मारतात. ‘ऑल्दो’ घ्या किंवा ‘बट’ घ्या. दोन्ही घेतले की वाक्य अडखळतं.

इंग्रजी कंजंक्शन शिकताना आपण बहुतेक वेळा याद्या पाठ करतो: को-ऑर्डिनेटिंग अमुक, सबॉर्डिनेटिंग तमुक. याद्या वाईट नसतात, पण आपली चूक त्या याद्यांमुळे सुटत नाही, कारण ती मराठीच्या सवयीतून आलेली असते. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीवर आधी मराठी काय करते ते पाहू आणि मग इंग्रजीला काय हवं ते. इंग्रजी वाक्यं मुद्दाम रोजच्या बोलण्यातली घेतली आहेत.

पहिली पायरी: क्रियापदं मोजा

वाक्य लिहून झालं की त्यातली काळ दाखवणारी क्रियापदं मोजायची. ‘हॅज बीन वेटिंग’ किंवा ‘डिड नॉट आन्सर’ हे कितीही लांब दिसलं तरी एकच क्रियापद धरायचं. ‘टू गो’सारखं ‘टू’ लागलेलं रूप मोजायचं नाही, आणि सहायक क्रियापदाशिवाय एकटं आलेलं ‘गोइंग’सारखं रूपही मोजायचं नाही. जितकी क्रियापदं, तितकी उपवाक्यं. आणि उपवाक्यांपेक्षा एक कमी इतके सांधे, म्हणजे उपवाक्यं जोडणारे शब्द.

“व्हेन द मीटिंग एन्डेड, आय कॉल्ड हिम, बट ही डिड नॉट आन्सर.” क्रियापदं तीन: एन्डेड, कॉल्ड, डिड नॉट आन्सर. सांधे दोन: व्हेन आणि बट. हिशेब जुळला.

आता सुरुवातीचं वाक्य पुन्हा मोजा. क्रियापदं दोन, सांधेही दोन. एक जास्त झाला. उलट बाजूची चूकही तितकीच नेहमीची आहे: “इट वॉज रेनिंग, वी स्टेड इनसाइड.” इथे क्रियापदं दोन आणि सांधा एकही नाही. ‘पाऊस पडत होता, आम्ही आतच थांबलो’ हे मराठीत सहज चालतं. इंग्रजीत मात्र दोन पूर्ण वाक्यं जोडण्याइतकी ताकद एकट्या स्वल्पविरामात नाही. तिथे ‘सो’ घाला, किंवा पूर्णविराम देऊन दोन वाक्यं करा.

या मोजणीला काही सवलती आहेत. ‘दॅट’ पुष्कळदा अदृश्य असतो. “आय थिंक ही इज राइट” यात तो बोलला नाही, पण मोजायचा. ‘हू’, ‘विच’, ‘व्हेअर’, ‘व्हॉट’ हे शब्दही सांध्याचंच काम करतात. आणि तीन-चार क्रिया ओळीनं आल्या तर शेवटची सोडून बाकीच्यांमध्ये स्वल्पविराम ‘अँड’ची जागा घेतो. एवढं लक्षात ठेवलं की ही मोजणी ईमेलपासून निबंधापर्यंत सगळीकडे उपयोगी पडते. माझ्या मते हा एकच नियम नीट अंगवळणी पडला, तर अर्धं काम झालं.

दुसरी पायरी: मराठी जोडीतला एक शब्द सोडा

मराठीची जोडशब्दांची पद्धत फार नेटकी आहे. जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत, ज्याअर्थी-त्याअर्थी, जसं-तसं. पहिला शब्द ऐकला की दुसरा येणार हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत यातला बहुतेक वेळा पहिलाच ठेवायचा आणि दुसऱ्याच्या जागी फक्त स्वल्पविराम द्यायचा.

‘मी दार उघडलं तेव्हा तो झोपला होता.’ हे पुष्कळ जण “व्हेन आय ओपन्ड द डोअर, दॅट टाइम ही वॉज स्लीपिंग” असं म्हणतात. हा ‘दॅट टाइम’ म्हणजे आपला ‘तेव्हा’ आहे, वेष बदलून आलेला. तो काढून टाका: “व्हेन आय ओपन्ड द डोअर, ही वॉज स्लीपिंग.” तसंच ‘जोपर्यंत’चं. “अनटिल शी कम्स, टिल दॅट टाइम वी विल वेट” यातला ‘टिल दॅट टाइम’ जादा आहे. “वी विल वेट अनटिल शी कम्स” पुरेसं. ‘तू सांगितलंस तसं मी केलं’ याला “आय डिड ॲज यू सेड” एवढंच लागतं.

कारण सांगताना दोन वाटा असतात: कारणाला ‘बिकॉज’ लावायचं, किंवा परिणामाला ‘सो’ लावायचं. “बिकॉज द रोड वॉज ब्लॉक्ड, वी केम लेट” किंवा “द रोड वॉज ब्लॉक्ड, सो वी केम लेट.” दोन्ही वाक्यं चांगली आहेत, पण दोन्ही शब्द एकाच वाक्यात नकोत.

‘जर-तर’ला मात्र सूट आहे. “इफ यू आर बिझी, देन वी कॅन मीट टुमॉरो” यातला ‘देन’ चुकीचा नाही, फक्त गरजेचा नाही. रोजच्या बोलण्यात तो बहुधा गळतो.

‘तरी’ आणखी एका ठिकाणी फसवतो. ‘पाऊस पडतोय तरी मी येतोय’ आणि ‘पाऊस पडला तरी मी येईन’ या दोन्हींत आपण एकच ‘तरी’ वापरतो. पहिल्यात पाऊस प्रत्यक्ष पडतोय, दुसऱ्यात तो पडेल की नाही माहीत नाही. इंग्रजी हा फरक शब्दातच करते: “आय ॲम कमिंग इव्हन दो इट इज रेनिंग”, पण “आय विल कम इव्हन इफ इट रेन्स.” घडलेल्या गोष्टीला ‘इव्हन दो’, घडू शकणाऱ्या गोष्टीला ‘इव्हन इफ’.

इंग्रजीत दोन्ही टोकांना गाठ असलेल्या खऱ्या जोड्याही आहेत: बोथ-अँड, आयदर-ऑर, नायदर-नॉर, नॉट ओन्ली-बट ऑल्सो. यांची अट अशी की जोडीतल्या दोन्ही शब्दांपुढे एकाच जातीची गोष्ट यावी. “शी नॉट ओन्ली सिंग्ज बट ऑल्सो पेंट्स” यात दोन्हींपुढे क्रियापद आहे, म्हणून वाक्य तोललेलं वाटतं. ‘नायदर-नॉर’मध्ये दोन कर्ते असतील तर क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं: “नायदर द मॅनेजर नॉर द वर्कर्स वेअर प्रेझेंट.” आणि ‘नॉट ओन्ली’ वाक्याच्या सुरुवातीला आलं तर पुढचा क्रम प्रश्नासारखा होतो: “नॉट ओन्ली डिड ही कम लेट, बट ही ऑल्सो फरगॉट द फाइल.”

‘जितकं-तितकं’ची जोडीही इंग्रजीत शाबूत आहे: “द मोअर यू प्रॅक्टिस, द ईझिअर इट गेट्स.” इथे एक मौजेची गोष्ट सांगतो. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘जेव्हा-तेव्हा’साठी ‘था… था’ अशी जोडी होती, एकच शब्द दोन्ही उपवाक्यांच्या तोंडाशी. म्हणजे इंग्रजीलाही एके काळी दुहेरी गाठ परकी नव्हती. पुढे ती सवय सुटली. ‘द मोअर… द ईझिअर’ हे त्या काळच्या अशाच दुसऱ्या एका जोडीचं टिकून राहिलेलं रूप आहे.

तिसरी पायरी: बरोबरीचं वाक्य की आश्रित वाक्य?

शाळेत आपण संयुक्त वाक्य आणि मिश्र वाक्य असा भेद शिकलो. तोच इथे लागतो. ‘अँड, बट, ऑर, सो’ हे बरोबरीच्या दोन वाक्यांना जोडतात. व्याकरणाच्या पुस्तकांत यांच्यासोबत ‘फॉर, नॉर, येट’ मिळवून सातांची यादी करतात आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘फॅनबॉइज’ म्हणतात. यातला ‘फॉर’ म्हणजे ‘कारण’ हा आता जुन्या धाटणीच्या लेखनातच दिसतो. बोलताना तो सोडून द्या. बाकीचे, म्हणजे ‘बिकॉज, व्हेन, इफ, ऑल्दो, अनटिल, व्हाइल’ वगैरे, एका वाक्याला दुसऱ्याच्या आश्रयाला नेऊन बसवतात.

कुठला शब्द कुठल्या गटातला हे ओळखायची खूण सोपी आहे. आश्रित वाक्य त्याच्या कंजंक्शनसकट उचलून पुढे आणता येतं. “आय स्लेप्ट अर्ली बिकॉज आय वॉज टायर्ड” हे “बिकॉज आय वॉज टायर्ड, आय स्लेप्ट अर्ली” असं करता येतं. ‘बट’चं वाक्य असं उचलून पाहा, अर्थच राहत नाही.

स्वल्पविरामही याच खुणेवर चालतो. आश्रित वाक्य आधी आलं तर त्याच्यानंतर स्वल्पविराम. नंतर आलं तर बहुधा नाही. अपवाद ‘ऑल्दो’चा, विरोध दाखवणारं वाक्य मागून आलं तरी त्याच्याआधी स्वल्पविराम बरा दिसतो. ‘अँड’, ‘बट’, ‘सो’च्या दोन्ही बाजूंना कर्त्यासकट पूर्ण वाक्य असेल तर त्यांच्याआधी स्वल्पविराम द्यावा. वाक्यं अगदी छोटी असतील तर तो गाळला तरी चालतो.

आता एक बाब, जिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. मराठीत कर्ता गाळायची मुभा सगळीकडे आहे. ‘पत्ता हवा होता म्हणून फोन केला.’ कोणाला हवा होता, कोणी केला, हे संदर्भावरून कळतं. इंग्रजीत ही मुभा फक्त बरोबरीच्या वाक्यांत मिळते, आणि तीही कर्ता तोच असेल तर: “आय कॉल्ड हिम अँड आस्क्ड फॉर द ॲड्रेस.” आश्रित वाक्यात कर्ता गाळता येत नाही. “आय कॉल्ड हिम बिकॉज नीडेड द ॲड्रेस” हे चूक. “बिकॉज आय नीडेड द ॲड्रेस” हवं. ‘सो’ बरोबरीच्या गटातला असला तरी त्याच्यानंतरही कर्ता लिहिलेला बरा. ‘बिकॉज, व्हेन, इफ’ लिहिलं की पुढचा शब्द कर्ता आहे ना, हे पाहायची सवय लावून घ्या.

नकारात ‘आणि’चं काय होतं तेही पाहू. ‘तो वाचत नाही आणि लिहीतही नाही’ यातल्या ‘आणि’ला इंग्रजीत ‘ऑर’ लागतं: “ही डझ नॉट रीड ऑर राइट.” इथे ‘अँड’ घातलं तर दोन्ही गोष्टी मिळून करत नाही, एखादी करतही असेल, असा अर्थ निघू शकतो. ‘नॉर’ वापरायचा तर पुढचा क्रम उलटा होतो: “ही डझ नॉट रीड, नॉर डझ ही राइट.” हे लेखनात शोभतं, बोलताना “अँड ही डझ नॉट राइट आयदर” जास्त ऐकू येतं. ‘ऑर’ आपल्या ‘नाहीतर’चं कामही करतो: “हरी अप, ऑर यू विल मिस द ट्रेन.”

‘अँड’ किंवा ‘बट’नं वाक्य सुरू करू नये, असं अनेकांना शिकवलेलं असतं. असा नियम इंग्रजीत नाही. चांगल्या लेखनात अशी वाक्यं भरपूर सापडतात. ‘बिकॉज’नंही वाक्य सुरू करता येतं, फक्त पुढे मुख्य वाक्य आलं पाहिजे.

चौथी पायरी: मराठीत लपलेले सांधे उघडे करा

खरी कसरत इथे आहे. मराठी वाक्यं जोडायला दर वेळी उभयान्वयी अव्यय लागत नाही. क्रियापदाला ‘ऊन’, ‘ल्यावर’, ‘ताना’, ‘ल्यामुळे’, ‘ल्याशिवाय’ लावलं की सांधा तयार. इंग्रजीत बहुतेक वेळा हा सांधा वेगळ्या शब्दानं दाखवावा लागतो, आणि तो कुठला हे मराठी प्रत्ययावरून ठरत नाही, अर्थावरून ठरतं.

‘ऊन’ घ्या. हा एकटा प्रत्यय निदान पाच वेगवेगळी नाती सांभाळतो. ‘ती उठून, आवरून, दार लावून बाहेर पडली’ यात तो फक्त क्रम सांगतो. तेव्हा इंग्रजीत साधी ओळ करा: “शी गॉट अप, गॉट रेडी, लॉक्ड द डोअर अँड लेफ्ट.” प्रत्येक ‘ऊन’साठी ‘आफ्टर’ घालू नका आणि ‘हॅविंग गॉट अप’ असंही करू नका, व्याकरण बिघडत नाही, पण वाक्य सरकारी पत्रासारखं होतं.

‘तो ऐकून ऐकून भाषा शिकला’ यात ‘ऊन’ रीत सांगतो. इथे “बाय लिसनिंग” योग्य. ‘हे ऐकून मला वाईट वाटलं’ यात वेळ आणि कारण दोन्ही आहेत: “आय फेल्ट सॅड व्हेन आय हर्ड धिस.” ‘एवढं शिकून त्याला नोकरी नाही’ यात चक्क विरोध आहे, म्हणून “ऑल्दो ही इज सो वेल एज्युकेटेड, ही हॅज नो जॉब.” आणि ‘तो जाऊन दोन वर्षं झाली’ यात मोजलेला काळ आहे: “इट इज टू इयर्स सिन्स ही लेफ्ट.” प्रत्यय एकच, आणि इंग्रजीत अँड, बाय, व्हेन, ऑल्दो, सिन्स. म्हणून ‘ऊन’ला इंग्रजीत काय म्हणतात, हा प्रश्नच सोडून द्यावा. त्याऐवजी विचारा: या दोन क्रियांमध्ये नातं कुठलं? क्रमाचं, रीतीचं, कारणाचं, विरोधाचं की काळाचं? उत्तर मिळालं की कंजंक्शन आपोआप सुचतं.

‘ल्यावर’चंही थोडं असंच. ‘तो आल्यावर जेवू’ यात ‘व्हेन’ चालतं. ‘परीक्षा संपल्यावर तो गावी गेला’ यात ‘आफ्टर’. ‘बटण दाबल्यावर दिवा लागतो’ यात ‘व्हेन’ किंवा ‘इफ’. आणि ‘आल्या आल्या’ किंवा ‘आल्याबरोबर’ असेल तर ‘ॲज सून ॲज’.

‘ताना’ बहुधा ‘व्हाइल’ होतो, पण एक सापळा आहे. ‘रस्त्यानं चालताना पाऊस सुरू झाला.’ मराठीत कोणी अडणार नाही. चालणारा माणूस आहे हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीत “वॉकिंग डाउन द रोड, द रेन स्टार्टेड” म्हटलं तर चालणारा पाऊस ठरतो, कारण ‘वॉकिंग’चा कर्ता मुख्य वाक्याच्या कर्त्यावरूनच ठरतो. दोन कर्ते वेगळे असतील तर पूर्ण उपवाक्य करा: “व्हाइल आय वॉज वॉकिंग डाउन द रोड, इट स्टार्टेड टू रेन.”

पाचवी पायरी: वेळ आणि अट असेल तर काळ तपासा

‘तो येईल तेव्हा आपण निघू.’ मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ आहे. इंग्रजीत ‘व्हेन, आफ्टर, बिफोर, अनटिल, ॲज सून ॲज, इफ, अनलेस’ यांच्या उपवाक्यात भविष्याबद्दल बोलतानाही वर्तमानकाळ येतो, ‘विल’ फक्त मुख्य वाक्यात: “व्हेन ही कम्स, वी विल लीव्ह.” “इफ इट रेन्स, वी विल स्टे होम.” या नियमाला रोजच्या वापरात अपवाद जवळपास लागत नाही, त्यामुळे तो डोळे मिटून पाळा.

एका ठिकाणी मात्र ‘इफ’च्या नंतर ‘विल’ येतो: जिथे ‘इफ’चा अर्थ ‘जर’ नसून ‘की नाही’ असतो. “आय डू नॉट नो इफ ही विल कम” म्हणजे तो येईल की नाही मला माहीत नाही. हे अट घालणारं वाक्य नाही, अप्रत्यक्ष प्रश्न आहे.

यानंतरचा मुद्दा ‘अनटिल’ आणि ‘अनलेस’चा. ‘जोपर्यंत तू फोन करत नाहीस तोपर्यंत मी निघणार नाही.’ मराठीत दोन नकार आहेत. इंग्रजीत एकच: “आय विल नॉट लीव्ह अनटिल यू कॉल.” “अनटिल यू डोन्ट कॉल” ही चूक इतकी पसरली आहे की कानाला ती खटकेनाशी झाली आहे, आणि म्हणूनच ती जाणूनबुजून पकडावी लागते. ‘अनलेस’च्या पोटातच ‘नाही’ आहे. ‘अनलेस’ म्हणजे ‘इफ नॉट’. त्यामुळे ‘अभ्यास केल्याशिवाय तू पास होणार नाहीस’ हे “यू विल नॉट पास अनलेस यू स्टडी.” ‘अनलेस’ लिहिल्यावर त्याच उपवाक्यात ‘नॉट’ आलं, तर ते जवळजवळ नेहमीच खोडायचं असतं.

दोघांत फरक असा की ‘अनटिल’ वेळेची मर्यादा सांगतो आणि ‘अनलेस’ अट. आणि ‘पोचेपर्यंत’ असलं की लगेच ‘अनटिल’ लिहू नका. ‘आम्ही स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी गेली होती’ इथे गाडी जात राहिली नाही, ती आधीच गेली. म्हणून “बाय द टाइम वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.” क्रिया त्या क्षणापर्यंत चालू राहिली तर ‘अनटिल’, त्या क्षणाआधीच आटोपली तर ‘बाय द टाइम’.

‘इन केस’ला लोक ‘इफ’चा भारदस्त भाऊ समजतात. दोन्हींचं काम वेगळं आहे. “टेक अ कोट इन केस इट गेट्स कोल्ड” म्हणजे थंडी पडली तर असावा म्हणून कोट आत्ताच घे. “पुट ऑन युअर कोट इफ इट गेट्स कोल्ड” म्हणजे थंडी पडली, तर तेव्हा घाल.

‘नो सूनर… दॅन’ परीक्षेत हमखास विचारतात: “नो सूनर हॅड आय सॅट डाउन दॅन द फोन रँग.” परीक्षेपुरतं जरूर शिका. बोलताना ‘ॲज सून ॲज’ म्हणा.

सहावी पायरी: कारण आणि हेतू वेगळे ठेवा

‘मुळे’ मराठीत नामालाही लागतो आणि क्रियापदालाही: पावसामुळे, पाऊस पडल्यामुळे. इंग्रजीत मात्र वाटा वेगळ्या. पुढे पूर्ण वाक्य असेल तर ‘बिकॉज’, नुसतं नाम असेल तर ‘बिकॉज ऑफ’. “बिकॉज इट वॉज रेनिंग”, पण “बिकॉज ऑफ द रेन.” हाच भेद ‘ऑल्दो’ आणि ‘डिस्पाइट’ यांच्यात आहे, आणि ‘व्हाइल’ आणि ‘ड्युरिंग’ यांच्यातही. पुढच्या शब्दांत क्रियापद आहे का, एवढंच पाहायचं. आणि ‘डिस्पाइट’ला ‘ऑफ’ लागत नाही. ‘ऑफ’ हवाच असेल तर ‘इन स्पाइट ऑफ’ वापरा.

‘म्हणून’ दोन अर्थांनी येतो. ‘उशीर झाला म्हणून तो धावला’ हा परिणाम आहे, तिथे ‘सो’. ‘उशीर होऊ नये म्हणून तो धावला’ हा हेतू आहे, तिथे ‘सो दॅट’: “ही रॅन सो दॅट ही वुड नॉट बी लेट.” ‘सो दॅट’च्या नंतर बहुधा ‘कॅन, कुड, विल, वुड’पैकी काहीतरी येतं, ही त्याची ओळख.

‘नॉट’ आणि ‘बिकॉज’ एका वाक्यात आले की थांबून वाचा. “आय डिड नॉट गो बिकॉज ही वॉज देअर” याचे दोन अर्थ होतात: तो तिथे होता म्हणून मी गेलो नाही, किंवा मी गेलो, पण तो होता म्हणून नव्हे. बोलताना आवाजाच्या चढउतारानं कळतं, लिहिताना कळत नाही. तिथे ‘बिकॉज’चं वाक्य आधी घ्या: “बिकॉज ही वॉज देअर, आय डिड नॉट गो.” संदिग्धता मिटली.

‘सिन्स’ आणि ‘ॲज’ यांनाही ‘कारण’ असा अर्थ आहे, आणि दोघांनाही वेळेचा दुसरा अर्थ आहे. घोटाळ्याची शक्यता दिसली की सरळ ‘बिकॉज’ वापरावं.

सातवी पायरी: ‘की’चे तीन रस्ते

‘की’ मराठीत सगळीकडे चालतो, म्हणून इंग्रजीत सगळीकडे ‘दॅट’ येतो आणि वाक्य बिघडतं.

साधं विधान असेल तर ‘दॅट’, आणि बोलताना तो गाळला तरी चालतो. पण मराठीत ‘तो म्हणाला की मी येतोय’ असं आपण त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. इंग्रजीत ‘दॅट’ आला की ‘मी’चा ‘तो’ होतो: “ही सेड दॅट ही वॉज कमिंग.” “ही सेड दॅट आय ॲम कमिंग” म्हटलं तर येणारे तुम्ही ठरता.

‘की नाही’ असेल तर ‘वेदर’ किंवा ‘इफ’: “आय डू नॉट नो वेदर ही विल कम.” तिथे ‘दॅट’ नको. “आय आस्क्ड हिम दॅट आर यू कमिंग” याचं बरोबर रूप “आय आस्क्ड हिम इफ ही वॉज कमिंग.”

तिसरा रस्ता प्रश्नार्थक शब्दाचा. ‘तो कुठे आहे मला माहीत नाही.’ इथे ‘व्हेअर’ स्वतःच सांधा आहे, ‘दॅट’ नको आणि प्रश्नाचा क्रमही नको. “आय डोन्ट नो व्हेअर इज ही” चूक. “आय डोन्ट नो व्हेअर ही इज” बरोबर. कर्ता आधी, क्रियापद नंतर. “कॅन यू टेल मी” यासारख्या सभ्य प्रश्नांनाही हेच लागू: “कॅन यू टेल मी व्हॉट टाइम इट इज?”

आणखी एक बारकावा. ‘मला वाटतं तो येणार नाही’ याचं “आय थिंक ही विल नॉट कम” हे व्याकरणानं ठीक आहे, पण इंग्रजी बोलणारे नकार बहुधा पहिल्या क्रियापदावर नेतात: “आय डोन्ट थिंक ही विल कम.”

आठवी पायरी: सांध्यासारखे दिसणारे शब्द ओळखा

‘हाउएव्हर, देअरफोर, ऑल्सो, देन, अदरवाइज’ हे अर्थानं सांध्यासारखे वाटतात, पण व्याकरणानं ती क्रियाविशेषणं आहेत. “आय वॉज टायर्ड, हाउएव्हर आय वेन्ट” यात सांधा शून्य धरायचा. पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या आणि ‘हाउएव्हर’नंतर स्वल्पविराम: “आय वॉज टायर्ड. हाउएव्हर, आय वेन्ट.” नाहीतर सरळ ‘बट’ वापरा, रोजच्या लेखनात मी तोच पसंत करीन.

आता एक परिच्छेद पूर्ण करून पाहू

‘काल ऑफिसातून घरी येऊन बघतो तर दार उघडं. वाटलं चोर शिरला असेल, म्हणून आत जायच्या आधी शेजाऱ्यांना बोलावलं. ते आल्यावर आत गेलो. मग कळलं की भाऊ लवकर आला होता आणि झोपल्यामुळे त्याला माझे फोन ऐकू गेले नव्हते.’

‘येऊन बघतो तर’ यात ‘ऊन’ वेळेचं नातं सांगतो, म्हणून ‘व्हेन’. कर्ता मराठीत नाही, इंग्रजीत दोनदा लागेल: “व्हेन आय गॉट होम फ्रॉम द ऑफिस यस्टरडे, आय फाउंड द डोअर ओपन.” पुढच्या वाक्यात ‘वाटलं’नंतर अदृश्य ‘दॅट’, ‘म्हणून’ परिणामाचा, आणि ‘आधी’साठी ‘बिफोर’: “आय थॉट अ थीफ हॅड गॉट इन, सो आय कॉल्ड द नेबर्स बिफोर आय वेन्ट इनसाइड.” ‘आल्यावर’ सरळ आहे: “व्हेन दे केम, वी वेन्ट इन.” इथे ‘गेलो’चा कर्ता ‘आय’ की ‘वी’ हे मराठीनं सांगितलं नव्हतं, इंग्रजीसाठी ते ठरवावं लागलं.

शेवटचं वाक्य लांब आहे: “देन आय फाउंड आउट दॅट माय ब्रदर हॅड कम होम अर्ली अँड हॅड नॉट हर्ड माय कॉल्स बिकॉज ही वॉज अस्लीप.” क्रियापदं चार: फाउंड आउट, हॅड कम, हॅड नॉट हर्ड, वॉज. सांधे तीन: दॅट, अँड, बिकॉज. ‘देन’ मोजलेला नाही, कारण तो क्रियाविशेषण आहे. ‘अँड’नंतर कर्ता गाळला आहे, कारण तो तोच आहे, ‘बिकॉज’नंतर ‘ही’ ठेवला आहे, कारण तिथे गाळता येत नाही. शेवटचं आश्रित वाक्य मागून आलं, म्हणून त्याच्याआधी स्वल्पविराम नाही. आता तुमच्याच एखाद्या जुन्या इंग्रजी ईमेलमधलं सर्वांत लांब वाक्य काढा आणि त्यातली क्रियापदं अशीच अधोरेखित करून मोजा.